बघितल्याची वेळ

मला ही गोष्ट शांतपणे सांगता येत नाही, हे आधीच सांगून टाकते. आठवली की आजही माझा आवाज चढतो आणि घरातले म्हणतात, झालं, हिचं केळीपुराण सुरू झालं. होऊ दे सुरू.

जळगावहून यावलकडे जाणाऱ्या रस्त्यावर केळी पिकवण्याचं एक केंद्र आहे. बागेतून हिरवे घड येतात, त्यांच्या फण्या करून क्रेटमध्ये भरतात, क्रेट मोठमोठ्या थंड खोल्यांत रचतात, गॅस सोडतात, आणि काही दिवसांनी पिवळाधमक माल ट्रकमध्ये चढतो. कोणत्या खोलीचं तापमान किती, गॅस कधी, हवा कधी खेळवायची, हे त्या त्या खोलीच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. साधी मजकुराची फाइल, पाच-सात ओळींची. तिथल्या कॉम्प्युटरांची देखभाल माझ्याकडे होती. मी जळगावात राहायचे आणि आठवड्यातून दोन-तीनदा स्कूटरवर तिकडे जायचे. तोंडाला ओढणी गुंडाळून, कारण मे महिन्यात त्या रस्त्यावर उघड्या तोंडानं जाणारा माणूस एकतर परगावचा असतो किंवा वेडा.

खोल्या सांभाळायचं काम आबांचं. मूळचे शिंदखेड्याकडचे, केंद्र सुरू झालं तेव्हापासून इथेच. बोलणं अजून पक्कं अहिराणी. सकाळी सहाच्या सुमाराला ते यायचे, चप्पल दाराबाहेर काढायचे, कॉम्प्युटर चालू करायचे आणि एकेका खोलीची फाइल उघडून वाचायचे. ओठ हलायचे, पण आवाज नाही. दुसरा हात पाठीमागे, जणू देवळात उभे आहेत आणि कशाला हात लागू नये म्हणून जपताहेत. सगळं वाचून झालं की फाइल बंद, आणि मग ती खोलीच्या मशीनला देण्याचं बटण. त्याआधी नाही.

एकदा मी त्यांची थट्टा केली. म्हटलं, "आबा, रोज तेच आकडे, रोज काय वाचता? पाठ झाले असतील."

"पाठ शेत ना, माय," ते म्हणाले. "पन दखाले काय लागस? खोलीमा जावानी आधी खोलीले पुशी लेवं." दखणं म्हणजे बघणं; आत जायच्या आधी खोलीला विचारून घ्यावं, असं त्यांचं म्हणणं.

फाइल बदलण्याची मुभा आबांनाही होती आणि मॅनेजर साहेबांनाही. मॅनेजर त्यांच्या केबिनमधूनच बदल करायचे. आबांनी इतक्या वर्षांत एकही आकडा स्वतःहून बदलला नव्हता. बदलायचा असला तर आधी फोन, मग हात. हे सगळ्या केंद्राला माहीत होतं. म्हणूनच पुढे जे झालं ते माझ्या डोक्यात गेलं.

लग्नसराई होती आणि मालाला उठाव होता. दिल्लीचा व्यापारी घाई करत होता. तीन नंबरच्या खोलीचं दार उघडलं तेव्हा आतून नुसता आंबूस वास आला. सालीवर रंग नाही, हिरवीच, पण बोट दाबलं तर आतला गर लोण्यासारखा. जास्त उष्णतेत केळी पिकवली की अशी होतात. त्याला आमच्याकडे माल 'शिजला' म्हणतात. भरायला आलेला ट्रक रिकामा परत गेला.

त्या दिवशी मी तिथे नव्हते. जे कळलं ते पॅकिंगच्या बायकांकडून. केंद्रासमोर माल चढवायचा लांबलचक सिमेंटचा ओटा आहे. तिथे हमाल, ड्रायव्हर, बायका, सगळे जमलेले असताना मॅनेजर कागद घेऊन आले. रोज संध्याकाळी कॉम्प्युटरमधून एक रिपोर्ट निघायचा, कोणती फाइल शेवटची कधी बदलली त्याचा. तीन नंबरच्या खोलीपुढे लिहिलं होतं: शेवटचा बदल, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. त्या वेळी कॉम्प्युटरवर कोण असतं? आबा.

"मशीन खोटं बोलत नाही, आबा," मॅनेजर म्हणाले. "हात लावलात, आता कबूल करा."

"मी फक्त दखं," आबा म्हणाले. "आकडा आधीच बदलेल व्हता. मी तुमले फोन करा व्हता, भाऊ. तुम्हीनच सांगं ना, चालू राहू दे म्हनीसन."

"फोन आला होता," मॅनेजर ओट्यावरच्या लोकांकडे बघून म्हणाले, "पण तो गॅसच्या सिलिंडरबद्दल."

एवढं झालं आणि आबांना घरी पाठवलं. चारचौघांत, दिवसाढवळ्या. मला हे सांगणारी बाई फण्या कापायचा विळा हातात धरून उभी होती. ती म्हणाली, "अक्का, तुमच्या मशीननं आबांचा घात केला."

तुमच्या मशीननं! मी सरळ कॉम्प्युटरच्या खोलीत गेले आणि दार आपटलं.

रिपोर्ट काढणारा तो छोटासा प्रोग्रॅम माझा नव्हता. माझ्या आधी काम करणारा मुलगा तो पर्ल नावाच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहून ठेवून पुण्याला निघून गेला होता. चालतंय ना, मग कशाला छेडा, म्हणून तो कोणी उघडलाही नव्हता. मी उघडला. बारा-पंधरा ओळी. आणि मधल्या एका ओळीत माझं डोकं फिरलं.

कॉम्प्युटरमधली फाइल न उघडतासुद्धा तिची चौकशी करता येते. केवढी आहे, कोणाच्या मालकीची, शेवटची कधी वाचली, शेवटची कधी बदलली. त्या चौकशीला स्टॅट म्हणतात. पर्लला स्टॅट विचारलं की ते तेरा गोष्टी एका रांगेत तुमच्यापुढे ठेवतं. नुसते आकडे, वर नाव काही नाही. स्वयंपाकघरात एकसारखे तेरा डबे, एकावरही चिठ्ठी नाही, आणि सून नवीन. शून्यापासून मोजत गेलं तर आठव्या जागी फाइल वाचल्याची वेळ. नवव्या जागी बदलल्याची. दोन्ही वेळाच, दिसायला अगदी सारख्या, बाजूबाजूला बसलेल्या.

तर या पठ्ठ्यानं रांगेतली आठवी जागा घेतली होती.

का, तेही मला लगेच कळलं. पुस्तकात लिहिलेलं असतं, बदलल्याची वेळ नऊ नंबरला. कॉम्प्युटर शून्यापासून मोजतो हे त्याला माहीत होतं. म्हणून हुशारीनं त्यानं एक वजा केला. पुस्तकातली मोजणी आधीच शून्यापासून होती, हे मात्र त्यानं बघितलं नाही. आणि त्याच्या त्या एका वजाबाकीत आबा सापडले. आबांनी जे नुसतं बघितलं होतं त्याला मशीननं बदल म्हटलं.

इथे मला धुळ्याचं कॉलेज आठवलं. आमचे एक सर त्या तेरा जागा पाढ्यासारख्या पाठ करून घ्यायचे. तोंडी परीक्षेत त्यांनी मला विचारलं, "स्टॅटची सातवी जागा कोणती?" मी म्हटलं, "सर, नावानं विचारता येतं ना. सोय आहे भाषेतच. वर एक ओळ लिहिली की नंबर लागतच नाही, नाव घेतलं की ती गोष्ट मिळते. मग पाठ कशाला?" सर म्हणाले, "परीक्षेला काय नाव घेणार आहेस?" मी म्हटलं, "परीक्षेला नाही, कामाला घेईन." मार्क कापले गेले ते गेलेच, वर वर्गात महिनाभर 'नाववाली' म्हणून चिडवणं. आई म्हणाली, तोंड जरा आवरत जा. ते काही मला आजवर जमलेलं नाही.

म्हणून त्या दिवशी मी त्या पोराची ओळ पुसली. वरती सोयीची ती एक ओळ घातली आणि खाली नंबराच्या जागी नाव लिहिलं: एमटाइम. बदलल्याची वेळ. मालकांनी त्या खोलीच्या फाइलला कोणी हात लावायचा नाही म्हणून बजावलं होतं, त्यामुळे ती होती तशीच होती. प्रोग्रॅम चालवला.

रिपोर्टातल्या त्या सकाळच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. पावणेसहा.

मी खुर्चीत मागे टेकले. आदल्या दिवशी आबा केंद्रावर नव्हतेच! दुपारीच रजा टाकून ते शिंदखेड्याला भाचीच्या हळदीला गेले होते, आणि हळद उरकून मिळेल त्या गाडीनं परत येऊन थेट कामावर. सकाळी त्यांच्या हातांची पिवळी बोटं बघून बायकांनी त्यांना चिडवलंही होतं, की आबा, नवरदेव तुम्हीच दिसताय. संध्याकाळी पावणेसहाला केंद्रावर कोण होतं ते हजेरीवर होतं. बदल करण्याची मुभा असलेला त्यात एकच माणूस होता.

आणखी एक गोष्ट. मी तो छापलेला रिपोर्ट मागवून पूर्ण वाचला. तीन नंबरची ओळ सोडून बाकीच्या ओळीही वाचल्या, जे आजवर कोणीच केलं नव्हतं. एक नंबरची खोली, शेवटचा बदल सकाळी सहा. दोन नंबर, सहा. चार, पाच, सगळ्या खोल्या सकाळी सहा ते सव्वासहा. आदल्या आठवड्याचे रिपोर्ट काढले, तेच. म्हणजे या कागदावर विश्वास ठेवायचा तर आबा वर्षानुवर्षं रोज सकाळी केंद्रातली एकूणएक फाइल बदलत होते आणि माल तरी चांगला पिकत होता! रोज छापायचा, रोज पंच करून फायलीत लावायचा, आणि वाचायचा कधी, तर कोणाला तरी पकडायचं असेल तेव्हा. मला इतका संताप आला की मी तिथल्या तिथे मालकांना फोन लावला.

मालक भला माणूस होता. जळगावच्या ऑफिसात त्यांनी मला बसवलं, थंड पाणी मागवलं, सगळं नीट ऐकून घेतलं. मधे दोन प्रश्न विचारले, तेही बरोबर जागी. मग बराच वेळ टेबलावरच्या काचेखालचे फोटो बघत राहिले. मॅनेजर त्यांचे सख्खे मेहुणे. मला ते ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक होतं.

"ताई, आबांना उद्याच परत बोलावतो," ते म्हणाले. "पगार नाही कापणार. तुम्ही फक्त एक करा, तांत्रिक चूक झाली असं लिहून द्या. कॉम्प्युटरची चूक. विषय संपला."

"कॉम्प्युटरची चूक नाहीये, भाऊ."

"अहो, प्रोग्रॅम चुकीचा होता असं तुम्हीच म्हणालात ना?"

"प्रोग्रॅम चुकला, म्हणून आबा सापडले. पण माल प्रोग्रॅमनं शिजवला नाही. त्या फाइलमध्ये जास्तीचा आकडा कोणीतरी बोटांनी टाकलाय. आणि आबांनी फोन करून विचारलं तेव्हा चालू दे म्हणून कोणीतरी तोंडानं सांगितलंय."

"कोणी टाकला, ते तुमचं ते स्टॅट सांगतं का?"

"नाही. ते फक्त कधी ते सांगतं. कोणी, ते तुम्हाला हजेरी सांगेल. आणि हजेरी नको असेल तर घरी विचारा."

हे मी बोलायला नको होतं, असं नंतर मला बऱ्याच जणांनी सांगितलं. मला तसं आजही वाटत नाही. मालकांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, तुमचं काम दुसऱ्या कोणाला द्यावं लागेल असं दिसतंय. मी म्हटलं, खुशाल द्या, पण जो येईल त्यालाही त्या फाइलमध्ये पावणेसहाच सापडतील. मी तसं लिहून देणार नाही. आज नाही, उद्या नाही. आणि पाणी न पिताच उठले.

मला वाटलं, आता निदान आबा कामावर येतील. संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. केंद्रामागच्या वस्तीत दोन खोल्या. काकूंनी दार उघडलं. त्या म्हणाल्या, त्या दिवसापासून हे दाराबाहेर पडले नाहीत, किराणासुद्धा मीच आणते. रस्त्यात कोणी भेटलं तर काय सांगायचं, म्हणून. आबा खाटेवर बसले होते. दाढी वाढलेली. कधी न बघितलेलं रूप.

मी सगळं सांगितलं. आठवी जागा, नववी जागा, पावणेसहा. किती कळलं माहीत नाही, पण "तुम्ही बघितलं त्याची वेळ छापली गेली, बदललं त्याची नाही" एवढं ऐकल्यावर त्यांनी मान हलवली.

"मालकस्ना फोन ऊनता," ते म्हणाले. "सकायले ये म्हने, मांगना दारथीन. कोनले काही सांगू नको."

"मागच्या दारानं? मग?"

"मी चोरी करी नही, माय. मंग मी मांगना दारथीन काबर येऊ? जठे बोलनात, तठेच यीसन बोला. बठ्ठास्ना समोर."

खरं सांगते, मी क्षणभर त्यांच्यावरही चिडले. मी इथे स्वतःचं काम पणाला लावून आले आणि यांचं आपलं भलतंच. पण मग लक्षात आलं की मी अर्धंच भांडले होते. रिपोर्ट मी दुरुस्त केला होता, पण ओट्यावर जे बोललं गेलं ते अजून तिथेच पडून होतं. आमच्याकडे चार माणसांत बोललेलं चार माणसांतच मागे घ्यावं लागतं. केबिनमधल्या सॉरीला गावात कोणी सॉरी मानत नाही. मी तिथूनच मालकांना फोन केला आणि आबांचं म्हणणं शब्दाला शब्द सांगितलं. पलीकडून फक्त "बघतो" एवढंच आलं.

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी मालक आले. सकाळची वेळ, माल चढायची. ओट्यावर सगळेच होते. आबांना निरोप गेला होता. ते दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून, पुढच्या गेटनं आले. मॅनेजर ट्रकच्या सावलीत उभे राहून मोबाइलमध्ये काहीतरी बघत होते. मी मुद्दाम गेले होते. कोणी बोलावलं नव्हतं.

मालकांनी घसा साफ केला. "त्या दिवशी आबांबद्दल जे बोलणं झालं, ते गैरसमजातून झालं. कॉम्प्युटरची चूक होती..."

"नाही, भाऊ," मी म्हटलं.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. त्या विळेवाल्या बाईचा हातही थांबला. माझा आवाज बऱ्यापैकी मोठा आला. "त्या फाइलमधला आकडा आदल्या संध्याकाळी बदललाय. आबा तेव्हा शिंदखेड्याला हळदीत होते. सकाळी त्यांनी फाइल फक्त बघितली आणि बघितल्याची वेळ रिपोर्टात आली. एवढंच खरं आहे. यात कॉम्प्युटरवर ढकलण्यासारखं काही नाही."

मालकांनी एकदा मेहुण्याकडे बघितलं. मेहुण्यानं मान वर केली नाही. मग मालक आबांकडे वळले, आणि हे मात्र त्यांच्या बाजूनं सांगायला हवं की ते आबांच्या डोळ्यांत बघून बोलले.

"आकडा आमच्या घरच्या माणसानं बदलला होता. माल लवकर निघावा म्हणून. आबांनी फोन करून विचारलं होतं, त्यांना चालू ठेवा म्हणून सांगितलं गेलं. त्यांच्यावर आळ घेतला, ते चुकीचं होतं. आबा, मी तुमची माफी मागतो."

ओट्यावरच्या बायकांत कुजबुज झाली. मला हुंदका आला, तो मी ओढणीत दाबला. मालक पुढे झाले, आबांच्या खांद्यावर हात ठेवला. "चला आबा, खोल्या तुमची वाट बघताहेत. एक नंबरमध्ये माल लागलाय."

आबा जागचे हलले नाहीत. त्यांनी खोल्यांच्या दारांकडे एकदा बघितलं, मग खिशातून कुलपांच्या किल्ल्या काढल्या. त्या त्यांच्याकडेच राहिल्या होत्या; केबिनमध्ये दुसरा जुडगा होता, म्हणून कोणी मागितल्या नव्हत्या. त्या त्यांनी मालकांच्या हातात ठेवल्या.

"माले नोकरी नही पाहिजे, भाऊ," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "मनं नाव पाहिजे व्हतं. ते भेटी गयं."

आणि वळून चालायला लागले.

मी त्यांच्या मागे धावले. गेटपाशी गाठलं. "आबा, अहो, मी भांडले ते तुम्ही परत यावं म्हणून! घरचं कसं करणार?"

"व्हई जाई, माय," ते म्हणाले. "तू भांडनी, म्हनीसन तर मी आज पुढना दारथीन जाई राहिनू."

मी परत आले तेव्हा ओट्यावर कोणीही क्रेटला हात लावलेला नव्हता. बायका विळे खाली ठेवून, हमाल पंचे खांद्यावर टाकून, सगळे उभे होते, रस्त्यावरून जाणाऱ्या त्या इस्त्रीच्या सदऱ्याकडे बघत. तो वळणाआड जाईपर्यंत एकही क्रेट हलला नाही. मॅनेजर ट्रकच्या सावलीत उभे होते. ट्रक उशिरा निघाला, आणि उशीर का झाला, हे त्यांनी त्या दिवशी कोणालाही विचारलं नाही.